सोल्युशनचा डबा निवडताना
विषशास्त्राचा एक धडा आणि हरित रसायनशास्त्राचा उपाय

चप्पल-बुटांच्या किंवा बॅगांच्या कारखान्यात पाऊल टाकले की सर्वांत आधी नाकाला भिडतो तो सोल्युशनचा वास. पोटमाळ्यावरची लहानशी खोली, जमिनीवर मांडी घालून बसलेले सहा-सात कारागीर, प्रत्येकाच्या गुडघ्याशी उघडा डबा आणि त्यात बुडवलेला ब्रश. दिवसा तिथेच काम, रात्री तिथेच झोप. धारावी असो, आग्रा असो वा कानपूर, चित्र फारसे वेगळे नसते. ‘वासाची सवय होते,’ असे जुने उस्ताद नव्या शागीर्दाला सांगतात. ते खरे आहे. पण ही सवय फक्त नाकाला होते. रक्ताला आणि मज्जातंतूंना ती कधीच होत नाही.

आपल्या अनेक बांधवांची रोजी या धंद्यावर चालते. धंदा बंद करा असे सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. डब्यात नेमके काय असते, त्यातला कोणता पदार्थ शरीरात जाऊन काय करतो आणि त्याच किमतीच्या आसपास कमी घातक माल कसा निवडावा, एवढे व्यापारी व कारागीर बांधवांना कळावे हा आमचा हेतू आहे. रसायनशास्त्राची पदवी नसली तरी हे समजते. थोडे लक्ष देऊन वाचावे लागेल, इतकेच.

डब्यात असते काय?

सोल्युशनचे दोन भाग असतात. एक, चिकटणारा पदार्थ, म्हणजे रबर किंवा त्यासारखे प्लास्टिक. दुसरा, त्याला पातळ ठेवणारा द्रव. या द्रवाला विद्रावक किंवा सॉल्व्हंट म्हणतात. नेहमीच्या सोल्युशनमध्ये चिकटणारा भाग वजनाने एक चतुर्थांशाच्या आसपासच असतो. बाकीचा सगळा विद्रावक. ब्रश मारल्यावर आपण दहा मिनिटे ‘सुकू देतो’, तेव्हा हा विद्रावक उडून जातो. उडून तो जातो कुठे? खोलीच्या हवेत, आणि तिथून कारागिराच्या छातीत. शिवाय या वाफा हवेपेक्षा जड असतात. त्यामुळे जमिनीवर बसून, डब्यावर वाकून काम करणाऱ्याच्या वाट्याला त्या सर्वांत जास्त येतात.

थोडक्यात, चिकटवणारा भाग बुटावर राहतो आणि धोकादायक भाग माणसात जातो. म्हणून सोल्युशन घेताना विद्रावक कोणता आहे हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

इस्तंबूलचे बूट-कारागीर

या बाबतीत तुर्कस्तानचा अनुभव आपण सर्वांनी माहीत करून घ्यावा असा आहे. इस्तंबूलमध्ये चपला-बुटांचे असंख्य लहान कारखाने होते, आपल्याकडच्यासारखेच कोंदट आणि अरुंद. १९५५ ते १९६० च्या दरम्यान तिथल्या सोल्युशनमध्ये बेंझीन हा विद्रावक येऊ लागला. बेंझीन स्वस्त होते, रबर चांगले विरघळवत होते आणि लवकर सुकत होते. काही वर्षांतच दवाखान्यांत रक्त कमी झालेले, हिरड्यांतून रक्त येणारे तरुण कारागीर दिसू लागले.

डॉ. मुजफ्फर अक्सॉय या रक्तरोगतज्ज्ञांनी हा धागा पकडला. १९७४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९६७ ते १९७३ या काळातील २६ कारागिरांची माहिती आहे. हे सर्व बूट-कारागीर होते आणि सर्वांना तीव्र रक्तकर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था होती. अशा कारागिरांची एकूण संख्या सुमारे २८,५०० होती आणि त्यांच्यातील या रोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या मानाने दुप्पट भरत होते. पुढे बेंझीनचा वापर थांबत गेला तसे नवे रुग्णही घटत गेले. बेंझीन माणसात कर्करोग निर्माण करते याविषयी आज जगात दुमत नाही. ते समजण्यासाठी त्या कारागिरांना जी किंमत मोजावी लागली ती आपण विसरू नये.

एक बला गेली, दुसरी आली

आता गोष्टीचा पुढचा भाग पाहा. जपानमध्ये घरोघरी सँडल बनवणाऱ्या कामगारांना १९५० च्या दशकात बेंझीनची बाधा झाली आणि सरकारने बेंझीनयुक्त रबर-सोल्युशनवर बंदी घातली. इटलीने १९६३ साली कायदा करून सोल्युशनमधील बेंझीनवर मर्यादा आणली. सर्वांना वाटले, सुटलो. सोल्युशन बनवणाऱ्यांनी बेंझीनच्या जागी हेक्झेन घातले. हेक्झेन पेट्रोलियमपासून मिळते, त्याला फारसा उग्र वास नाही आणि सुकते तर झटपट.

पण थोड्याच वर्षांत दोन्ही देशांत नवाच आजार दिसू लागला. आधी पायांच्या बोटांना मुंग्या येत. मग तळवे बधिर होत. चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नसे. नंतर पाय उचलेनासे होत आणि हाताची पकड जाई. जपानमधील १९६९ च्या अहवालात घरगुती सँडल-कामगारांपैकी अशा ९३ रुग्णांची नोंद आहे. इटलीतही बूट-कारागिरांत हाच प्रकार आढळला. काम सोडल्यानंतरही काही महिने हा त्रास वाढत जातो आणि बरे होण्यास कित्येकदा वर्षे लागतात.

हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. २००९ साली चीनमधील सुचौ शहरात मोबाईलच्या काचा पुसण्यासाठी अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरले गेले, कारण ते जास्त लवकर सुकत होते. तिथे १३७ कामगारांना बाधा झाली. चाळीस वर्षांनी तीच चूक झाली आणि कारणही तेच होते : घाई.

यातून व्यापाऱ्याने घ्यावयाचा बोध साधा आहे. डब्यावर ‘बेंझीनमुक्त’ लिहिले आहे एवढ्यावर समाधान मानू नये. बेंझीनच्या जागी काय घातले आहे ते विचारावे.

शरीर त्या पदार्थाचे काय करते?

विषशास्त्राचे एक जुने सूत्र आहे की मात्रा विष ठरवते. सोळाव्या शतकातील युरोपीय वैद्य पॅरासेल्सस याच्या नावावर ते सांगितले जाते. ते योग्यच आहे, पण अपुरे आहे. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारावा लागतो : शरीरात गेल्यावर त्या पदार्थाचे रूपांतर कशात होते?

आपले यकृत हा एक कारखानाच आहे. बाहेरून आलेल्या तेलकट पदार्थाला पाण्यात विरघळेल असे रूप द्यायचे आणि लघवीवाटे बाहेर काढायचे, हे त्याचे काम. बहुतेक वेळा ते नीट होते. काही वेळा मात्र या कारागिरीत मूळ मालापेक्षा वाईट माल तयार होतो.

बेंझीन आणि टोल्युइन यांचेच उदाहरण घेऊ. दोघे सख्ख्या भावांसारखे. बेंझीन म्हणजे सहा कार्बन अणूंचे कडे. टोल्युइन म्हणजे तेच कडे, फक्त त्याला एक कार्बनची छोटी मूठ जोडलेली. बेंझीनला पकडायला यकृताकडे मूठच नसते. मग ते कड्यावरच घाव घालते. त्यातून जे तुकडे बनतात ते हाडांच्या मगजात, म्हणजे जिथे रक्त तयार होते तिथे, जाऊन नासधूस करतात. टोल्युइनला मूठ असल्यामुळे यकृत ती मूठ पकडते, तिचे आम्ल बनवते आणि लघवीतून बाहेर टाकते. एका मुठीचा फरक, पण एका पदार्थाने रक्ताचा कर्करोग होतो आणि दुसऱ्याने तसा होत नाही.

टोल्युइन निर्धोक आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याच्या वाफेने डोके जड होते, गुंगी येते, दीर्घकाळाने मेंदूवर परिणाम होतो आणि गर्भवती स्त्रीने तर त्यापासून दूरच राहावे. पण बेंझीनशी तुलना करता तो पुष्कळ कमी घातक आहे, आणि का कमी घातक आहे याचे कारण आपल्याला सांगता येते. कारण कळले की पुढचा रस्ता दिसतो.

हेक्झेनचे काय होते? हेक्झेन म्हणजे सहा कार्बनची सरळ साखळी. शरीर या साखळीच्या दुसऱ्या आणि पाचव्या कडीवर एकेक ऑक्सिजन बसवते. साखळीवर जणू दोन हूक तयार होतात. या दोन हुकांमधले अंतर नेमके असे असते की ते मज्जातंतूंतील प्रथिनांना अडकतात आणि त्यांच्या गाठी पडतात. सर्वांत लांब मज्जातंतू पायाकडे जाणारे, म्हणून सुरुवात पायांपासून होते.

इथे आणखी एक सावधगिरी. थिनरमध्ये वापरला जाणारा मिथाइल इथाइल कीटोन, ज्याला बाजारात एमईके म्हणतात, हेक्झेनबरोबर आला तर हेक्झेनचा मज्जातंतूंवरील परिणाम वाढतो. १९७० च्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये थिनर हुंगणाऱ्या तरुणांत, थिनरमध्ये एमईके मिसळले गेल्यानंतरच पाय लुळे पडण्याचे रुग्ण दिसू लागले होते. म्हणून उरलेसुरले दोन डबे एकत्र ओतून ‘पातळ करून घेण्याची’ सवय मोडली पाहिजे.

हरित रसायनशास्त्र म्हणजे काय?

धोका कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, पदार्थ घातकच ठेवायचा आणि माणसाला त्यापासून लांब ठेवायचे. म्हणजे धूर ओढणारे पंखे, हातमोजे, विशिष्ट गाळणीचे मास्क, तपासण्या. दुसरा, पदार्थच असा निवडायचा किंवा घडवायचा की तो मुळात कमी घातक असेल. या दुसऱ्या मार्गाला हरित रसायनशास्त्र म्हणतात. अमेरिकेतील पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ साली आपल्या पुस्तकात त्याची १२ तत्त्वे मांडली. त्यातील चौथे तत्त्व असे की रसायनाने आपले काम चोख करावे आणि तरीही त्याचे विषारीपण कमीत कमी असावे, अशी त्याची रचनाच करावी. पाचवे तत्त्व विद्रावकांविषयी आहे : शक्य तर ते वापरूच नयेत, वापरावे लागले तर निरुपद्रवी वापरावेत.

ही रचना कशी करतात? वर पाहिलेली उदाहरणेच उत्तर देतात. हेक्झेनच्या दुसऱ्या व पाचव्या कडीला आधीच एकेक कार्बनची फांदी जोडली, तर हूक बसायची जागाच भरून जाते. मग तो मज्जातंतू अडकवणारा पदार्थ तयार होऊ शकत नाही. दुसरा उपाय म्हणजे साखळी एका कडीने वाढवायची. सात कडींच्या साखळीला हेप्टेन म्हणतात. त्यापासून तशा जातीचा पदार्थ फारच थोडा बनतो, त्यामुळे मज्जातंतूंचा धोका हेक्झेनच्या मानाने बराच कमी. तो किंचित उशिरा सुकतो, एवढाच फरक. तिसरा उपाय म्हणजे विद्रावकच काढून टाकायचा : पाण्यात कालवलेले सोल्युशन, किंवा गरम करून लावायचा हॉटमेल्ट.

आणि चौथा उपाय तर आपल्या मातीतलाच आहे. अस्सल कोल्हापुरी चप्पल हिरडा-बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्याची असते आणि चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. तिला सोल्युशन लागत नाही. प्रत्येक माल असा शिवता येणार नाही हे आम्हाला कळते. पण जिथे शिलाई चालते तिथे डबा उघडूच नये, हेही हरित रसायनशास्त्रच आहे.

रंगाच्या बाबतीतही हाच नियम

चामडे व कापड रंगवणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द. १८९५ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंग-कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे दाखवून दिले. पुढे कळले की बेंझिडिनसारखी द्रव्ये याला कारण आहेत. काही अझो रंग असे असतात की ते शरीरात गेल्यावर तुटतात आणि त्यातून बेंझिडिन बाहेर पडते. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न : शरीर त्याचे काय करते? म्हणूनच जर्मनीने १९९४ साली, तुटल्यावर अशी द्रव्ये देणाऱ्या रंगांना अंगाशी लागणाऱ्या मालात बंदी केली. भारत सरकारनेही १९९७ साली अशा ७० अझो रंगांवर बंदी आणली. बंदी सगळ्या अझो रंगांवर नाही. तुटल्यावर निरुपद्रवी तुकडे होतील असे रंग उपलब्ध आहेत आणि निर्यातीचा धंदा त्यांच्यावरच चालतो. सुटा, बिनलेबलचा रंग स्वस्तात घेणारा स्वतःच्या आरोग्याबरोबर आपल्या ऑर्डरीही धोक्यात घालतो.

छोट्या कारागिरालाच याची जास्त गरज

काही जण म्हणतील, ही मोठ्या कंपन्यांची बात आहे. आमचे मत उलट आहे. मोठ्या कारखान्यात धूर ओढणारी यंत्रे असतात, डॉक्टर असतो, तपासनीस येतो. पदार्थ घातक असला तरी तिथे माणसाला थोडेफार संरक्षण असते. पोटमाळ्यावरच्या खोलीत यातले काय आहे? तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवील, वाफ अडवत नाही. घरी बसून पट्टे चिकटवणाऱ्या आया-बहिणी आणि त्यांच्या मांडीवरची मुले तर तीच हवा चोवीस तास घेतात. जिथे पंखा, मास्क आणि डॉक्टर नाही, तिथे संरक्षण डब्याच्या आतच असले पाहिजे.

दुकानदाराला काय विचाराल?

प्रत्येक सोल्युशनचे एक सुरक्षा-माहितीपत्रक असते. व्यापारात त्याला एमएसडीएस किंवा एसडीएस म्हणतात. त्याचे १६ भाग असतात. तिसऱ्या भागात घटक आणि अकराव्या भागात विषारीपणाची माहिती असते. ते मागण्याचा ग्राहकाला संकोच वाटू नये. पत्रक इंग्रजीत असले तरी अडचण नाही, कारण प्रत्येक रसायनाला जगभर एकच नोंदणी क्रमांक असतो. त्याला सीएएस क्रमांक म्हणतात. हे क्रमांक कापून भिंतीवर लावावेत :

बेंझीन : ७१-४३-२. असेल तर माल परत करावा.
नॉर्मल हेक्झेन : ११०-५४-३. शक्यतो घेऊ नये.
एमईके : ७८-९३-३. हेक्झेनबरोबर तर मुळीच नको.
टोल्युइन : १०८-८८-३. तुलनेने बरे, पण उघड्या हवेशिवाय नको.
हेप्टेन : १४२-८२-५. हेक्झेनपेक्षा चांगला पर्याय.

पत्रकच नसेल, किंवा दुकानदार ‘सगळे तेच वापरतात’ असे उत्तर देईल, तर तो माल घेऊ नये. एकट्या कारागिराचे दुकानदार ऐकत नाही. गल्लीतील दहा कारखानदारांनी एकत्र येऊन एकाच जातीचा माल मागितला तर तो नक्की ऐकतो.

खर्चाचा हिशेब

पाण्याचे सोल्युशन किलोमागे महाग पडते, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पण हिशेब किलोचा करू नये, जोडाचा करावा. नेहमीच्या सोल्युशनच्या एका किलोत साधारण २५० ग्रॅम माल बुटावर राहतो आणि ७५० ग्रॅम हवेत जातो. ते ७५० ग्रॅमही आपण पैसे मोजूनच घेतलेले असतात. पाण्याच्या सोल्युशनमध्ये चिकटणारा भाग सुमारे निम्मा असतो, म्हणून थर पातळ लागतो. शिवाय त्यातून वाफेचा भडका उडण्याची भीती नाही. पोटमाळ्यावर स्टोव्ह आणि सोल्युशन शेजारी ठेवणाऱ्याला याचे महत्त्व सांगायला नको.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. पाण्याचे सोल्युशन उशिरा सुकते, पावसाळ्यात फारच उशिरा. चांगली पकड येण्यासाठी बहुधा उष्णता द्यावी लागते. तेलकट चामड्यावर ते नीट बसत नाही. म्हणून सगळा कारखाना एका दिवसात बदलू नये. आधी अस्तर, पाकिटे, बॅगा अशा हलक्या कामात एक-दोन डझन नग करून पाहावेत, महिनाभर वापरून पकड तपासावी आणि मगच सोलच्या कामाकडे वळावे. तोपर्यंत जुन्या सोल्युशनच्या डब्यावर झाकण ठेवावे, लागेल तेवढेच छोट्या भांड्यात काढावे, खिडकी आणि दरवाजा समोरासमोर उघडे ठेवावेत, थिनरने हात धुऊ नयेत आणि कामाच्या खोलीत झोपू नये. या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

पायांना मुंग्या येत असतील, चप्पल निसटत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा विनाकारण थकवा असेल, तर डॉक्टरकडे जाऊन ‘मी सोल्युशनचे काम करतो’ हे वाक्य आधी सांगावे. डॉक्टर आपणहून विचारतीलच असे नाही. आणि त्रास ओळखल्यावर त्या सोल्युशनपासून दूर होणे हाच पहिला इलाज आहे, औषध त्यानंतर.

शेवटी शेठ मंडळींना एक विनंती. कारागिराच्या हातातली सफाई वीस वर्षांत तयार होते. ती बधिर झालेल्या बोटांत राहत नाही आणि बाजारात विकतही मिळत नाही. पुढच्या वेळी डबा घेताना भाव विचाराल, तेव्हा त्यात काय आहे हेही विचारा. सुकायला पाच मिनिटे जास्त लागली तर लागू द्यावीत.